सूपभर कण्या

जमीलाबाई बांगडीवाली आमच्या नात्यागोत्यातली कोणी नव्हती, तरी माझा भाचा सव्वा महिना तिच्या मालकीचा होता. शहरातल्या माणसांना हे सांगितलं की ती डोळे मोठे करतात आणि पोलिसांचं नाव काढतात. म्हणून आधी जमीलाबाई कोण, ते सांगते.

सिंदेवाहीला बाजाराच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं, अयूबभाईंचं, बांगड्यांचं दुकान होतं. ते दुकानात बसायचे आणि ही खांद्यावर हिरवी थैली टाकून गावोगाव फिरायची. कारण अयूबभाईंना गिऱ्हाइकाशी भांडता येत नव्हतं आणि जमीलाबाईला भांडल्याशिवाय विकता येत नव्हतं. सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसली की ती बाईचा हात आपल्या हातात घ्यायची, बोटांची हाडं अशी काही एकमेकांवर दाबून बसवायची की लहानात लहान मापाची बांगडी सरकन मनगटावर. बाई ओरडायच्या आत काम झालेलं. मग भावावरून जुंपायची. पण एकदा भाव ठरला की पुन्हा शब्द नाही. "सौदा म्हंजे सौदा," असं म्हणून ती पदर झटकायची.

मी उर्वशी, त्या भाच्याच्या बापाची, देवाजीची, मोठी बहीण. मला मूल गावी दिलेली. पण माहेरी काही असलं की मी येणार आणि आल्यावर माझंच चालणार, अशी आमच्या घरची रीत होती. देवाजीची बायको रंभा स्वभावाने गाय. तिची दोन लेकरं झाली आणि दोन्ही पहिल्या काही आठवड्यांतच गेली. एकाचं तर बारसंही झालं नव्हतं. तिसऱ्या वेळी सातव्या महिन्यात जमीलाबाई चुडा भरायला आली, तेव्हा रंभाने हात पदराखाली घेतले. "यंदा नको," एवढंच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा जमीलाबाई न भांडता परत गेली.

पोरगा झाला तो धानाच्या मळणीच्या दिवसांत, कडाक्याच्या थंडीत. एवढासा जीव, घरच्या मांजरीने त्याच्याकडे तुच्छतेने पाहावं असा. नर्सबाईने बजावलं: "वजन कमी हाये. छातीशी धरा, गुंडाळून ठेवा, आईच्या दुधाशिवाय काई देऊ नका. आणि मी सांगतपर्यंत आंघोळ नाई."

नर्सबाईने तिचा उपाय सांगितला, मी माझा काढला. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घराने जन्मलेलं लेकरू विकून टाकायचं, अशी आमच्याकडे जुनी चाल. ज्या बाईची सगळी लेकरं जिवंत आहेत, तिने ते सूपभर कण्यांना विकत घ्यायचं. मग ते आपलं राहत नाही, आणि आपल्या नशिबाला त्याच्यावर हात टाकता येत नाही. सव्वा महिन्याने त्याच कण्या परत करून सोडवून आणायचं. जमीलाबाईला चार मुलं, चारही धडधाकट आणि चारही तोंडाळ. मी निरोप धाडला.

ती स्वतःच्या सुपात कण्या भरून आली. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. पण तिने उंबऱ्याबाहेर बैठक मारली आणि म्हणाली, "दाखवा माल."

मी दाखवला. तिने उलटून पालटून पाहिला. "अगे माय, एवढ्याशा मालाले सूपभर? अर्धं सूप देतो."

"अवो, पोट्टा हाये, वांगं नोहे!" मी चिडले.

"वांगं असतं त मी दाबून पायलं असतं."

अर्धा तास आम्ही दोघी खरोखरच्या भांडलो. गल्ली जमा झाली. शेवटी सूपभरच ठरलं. कण्या आमच्या मडक्यात ओतल्या, रिकाम्या सुपात पोरगा ठेवला, तिने तो उंबऱ्यापलीकडे उचलून नेला आणि तिथूनच परत रंभाच्या मांडीवर दिला. "हे माह्यं लेकरू. तुले दूध पाजाले ठेवलं, रंभा. नोकरी नीट करजो."

रंभा मान खाली घालून "हो जी" म्हणाली. आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, झालं, संपलं.

संपलं कुठलं! दुसऱ्या दिवशी बाई दारात हजर. माल पाहायला. तिसऱ्या दिवशीही. मी चुलीवर पाणी तापत ठेवलेलं, हळद-तेलाची वाटी काढलेली. पोराला चांगलं रगडून आंघोळ घातल्याशिवाय अंग कसं भरणार? नर्सबाई काय, काल आलेली पोरगी.

"माह्या लेकराले पानी कोन लावून राह्यलं?" दारातूनच गर्जना झाली.

"मी आत्या हावो त्याची!"

"होती. मी घेतलं तवा आत्या संगं नाई घेतली."

कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. घुटी नाही, मध नाही, खोलीत शेगडीचा धूर नाही. नर्सबाईचा एकेक शब्द तिने मालकीणबाईच्या तोऱ्यात आमच्याकडून पाळून घेतला. नावाचं काढलं तर म्हणे, मालकाला विचारल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. मी 'अजय' ठरवून बसलेली, तर ही त्याला खुशाल 'कण्या' म्हणायची, आणि गावही म्हणायला लागलं. मला असा राग यायचा की तिच्या चहात मी साखर घालत नसे. ती तसाच पिऊन, "चहा चांगला झाला," म्हणायची.

एक मात्र कबूल करावं लागेल. त्या काडीएवढ्या हातांना झबल्याची बाही चढवताना ते मोडतील की काय असं मला वाटायचं. जमीलाबाईने त्याची मूठ बोटांत धरली, बांगडी भरताना धरते तशीच, हळूच मिटवली आणि बाही सरकवली. पोरगा झोपेतून हलला नाही. "याहून लहान माप माह्या थैलीत नाई," ती म्हणाली, आणि किती तरी वेळ ती मूठ तिने सोडलीच नाही.

रंभाचं मात्र मला काही कळेना. ती पोराला वेळेवर घ्यायची, छातीशी धरायची, कपड्यात गुंडाळायची. कामात खोट नव्हती. पण पाजताना तोंड भिंतीकडे. "जमीलाबाईचं लेकरू उठलं," म्हणायची. "जमीलाबाईचं लेकरू भिजलं." आधी आम्हाला गंमत वाटली, मग वाटेना. आपलं म्हटलं आणि कोणी ऐकलं तर, याची तिला धास्ती होती. मला ते कळत होतं, पण पोर आईच्या तोंडाकडे टुकुटुकु पाहतंय आणि आई भिंतीकडे, हे बघवायचं नाही. मी अंगणात जाऊन कोंबड्यांवर ओरडायची.

अशात मला दोन दिवस सासरी मूलला जावं लागलं. स्वयंपाक देवाजीवर पडला. परत आले तर भाऊ मोठ्या अभिमानाने सांगतो, "बाई, म्या काल कण्यांचा घाटा केला. ताक टाकून. रंभानं दोन वाट्या खाल्ला!"

मी हातातली पिशवी तिथेच ठेवली. "कोनत्या कण्या?"

"त्या मडक्यातल्या."

"अरे मुडद्या, तो पोट्टा होता ना!"

देवाजी मडक्यात डोकावून पाहू लागला. मडकं घासून पालथं घातलेलं होतं. "मले का माहीत," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "का त्या कण्या नोहत, पोट्टा होय म्हनून!"

मी म्हटलं, राइस मिलमधून दुसऱ्या आणू, कण्यांवर काय नाव लिहिलेलं असतं? पण बाजेवरून रंभा बोलली, भिंतीकडे पाहतच. "नको, बाई. खोटी किंमत नका देऊ. सौदा म्हंजे सौदा. राहू द्या त्याईचाच."

तेव्हा कोणीच हसलं नाही. पोरगा तोवर गुबगुबीत झाला होता, नर्सबाई खूश होती, आणि त्याची आई त्याला घ्यायला तयार नव्हती.

सव्वा महिना झाला. जमीलाबाई नवी साडी नेसून आली. देवाजीने हात जोडून घाट्याची कहाणी सांगितली. मला वाटलं, ती हसून सोडून देईल. तिने रंभाकडे पाहिलं. रंभा भिंतीकडे पाहत होती.

"मंग ठीक," जमीलाबाई म्हणाली. "किंमत खाल्ली म्हंजे माल पक्का माहा. आनखी कायले इथी ठेवू?"

तिने पोराला उचललं. थैली एका खांद्यावर, पोर दुसऱ्या खांद्यावर. सपरी उतरली, अंगणात आली. देवाजी माझ्याकडे बघतोय, मी देवाजीकडे. ती नाटक करत होती की खरंच नेत होती, हे मला आजही ठरवता येत नाही. तिला विचारलं तर ती बांगड्यांचा भाव सांगते.

बाहेर गार वारा होता. पोराचं टोपरं मागे सरकलं आणि त्याने भोकाड पसरलं. जमीलाबाई चालतच राहिली.

बाज करकरली. रंभा उंबऱ्यात येऊन उभी होती, केस मोकळे, पदर लोंबता. "कान झाका!" ती ओरडली. "थंडी हाये, दिसत नाई का? माह्या लेकराचे कान झाका!"

जमीलाबाई थांबली. वळली नाही. "कोनाच्या लेकराचे?"

रंभाने तोंडावर हात ठेवला. मग तो खाली घेतला. "माह्या," ती म्हणाली, आणि पुन्हा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "माह्या लेकराचे!"

जमीलाबाई परत आली. टोपरं नीट ओढून तिने पोर रंभाच्या हातात दिलं. "भेटली किंमत," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. खांदा रिकामा झाल्यावर तिला थैली कशी धरावी तेच कळेना, या हातातून त्या हातात करत राहिली. मग फाटकाकडे गेली. मी आत जाऊन चहा ठेवला, साखरेचा.

रंभा तिथेच उंबऱ्यात बसली. पोराला पदराखाली घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागली, नाक, भुवया, कान, सगळं पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी. इतक्यात फाटक पुन्हा वाजलं.

"अवो, माह्यं सूप त द्या!" जमीलाबाई ओरडली. "का तेबी घाट्यात टाकलं?"

रंभा इतकी हसली की अजयच्या तोंडातलं दूध सुटलं आणि तो पुन्हा गळा काढून रडायला लागला.