खोट्या पुराचा निरोप

सुनिल्दा वेरा असुन्सिओन शहरातल्या बान्यादो सूर या नदीकाठच्या वस्तीतच वाढली. नदी अधूनमधून घरात येते आणि मग माणसं वरच्या चौकात प्लायवुडच्या खोल्या ठोकून राहतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. पुढे कॉम्प्युटर शिकून तिने वरच्या शहरात बरीच वर्षं नोकरी केली आणि पन्नाशीला आल्यावर वस्तीच्या समितीत कामाला लागली. समितीचं काम एवढंच, की पाणी धोक्याच्या खुणेशी आलं की वस्तीतल्या प्रत्येक फोनवर निरोप धाडायचा.

मेसेज पाठवणाऱ्या कंपनीने त्यासाठी समितीला एपीआय की दिली होती. म्हणायला किल्ली, पण दिसायला अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती ज्याच्या हाती पडेल त्याला समितीच्या नावाने हवं ते पाठवता येतं. पलीकडचं यंत्र माणूस ओळखत नाही, ओळ तेवढी ओळखतं.

फेब्रुवारीत सुनिल्दाचा सहकारी आनिबाल याने इतर वस्त्यांना शिकवण्यासाठी एक व्हिडिओ केला. काळ्या पडद्यावर आदेश कसा टाईप करायचा, मेसेज कसा सुटतो, सगळं त्याने हौसेने दाखवलं. आदेशाच्या शेवटी त्याने किल्लीची ती ओळही जशीच्या तशी चिकटवली होती. व्हिडिओ इंटरनेटवर चढला, पाहणाऱ्यांनी शाबासकी दिली, आणि त्या ओळीकडे ना त्याचं लक्ष गेलं, ना सुनिल्दाचं.

आठवडा उलटायच्या आत, भर दुपारी, वस्तीतले सगळे फोन एकदम वाजले. ‘बंधारा फुटला आहे. ताबडतोब वर जा.’ नदी आपल्या जागी निवांत होती, पण खात्री करायला काठावर जाणार कोण? रणरणत्या उन्हात माणसांनी फ्रिज, गाद्या, कोंबड्या घेऊन चढ गाठला. चिपा हे चीजचे पाव भाजून विकणारी म्हातारी दोन्या सातुर्निना, म्हणजे सातुर्निनाबाई, शिलाई मशीन उचलून नेताना पडली आणि तिचं मनगट मोडलं. तासाभराने लोक परतले तेव्हा कित्येक घरांतले टीव्ही आणि गॅसचे सिलिंडर नाहीसे झाले होते. निरोप कोणी धाडला, ते कधीच कळलं नाही.

सुनिल्दाने कोणाला न विचारता आधी ती किल्ली रद्द केली. मग ती बाहेर गेली कशी, याचा माग काढायला बसली. शोधावं लागलंच नाही. आनिबालला स्वतःलाच व्हिडिओ आठवला आणि तो डोकं धरून बसला.

समितीतल्या काहींचं म्हणणं पडलं, की तांत्रिक बिघाड झाला असं सांगून मोकळं व्हावं. सुनिल्दाला ते पटेना. यंत्र बिघडलं म्हटलं तर लोक म्हणतील, पुन्हा बिघडेल. काय चुकलं ते सांगितलं, तर निदान काय सुधारलं हे विचारतील. रविवारी चॅपलच्या अंगणात लोक जमले, तेव्हा तिने उभं राहून सगळं सांगितलं.

“म्हणजे आमच्या घरांची किल्ली तुम्ही चव्हाट्यावर टांगलीत,” प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून दोन्या सातुर्निना म्हणाली.

“हो दोन्या. टांगलीच म्हणायची.”

“कोणी टांगली?”

“समितीने.”

“समितीला हात नसतात, पोरी. हात कोणाचे होते ते सांग.”

मागच्या बाकावरून आनिबाल उठला. “माझे,” तो म्हणाला.

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग उद्यापासून माझ्याकडे यायचं. तुझ्यापायी माझा एक हात गेलाय, तर पीठ तूच मळ.”

त्या दिवशी लोक पहिल्यांदाच हसले. प्लास्टर निघेपर्यंत आनिबाल रोज पहाटे तिच्याकडे पीठ मळायला जात होता.

दिवसा तो आणि सुनिल्दा कामाची सगळी रीत बदलत होते. आदेशाच्या ओळीत किल्ली लिहायचीच नाही, हे पहिलं ठरलं. टाईप केलेला आदेश कॉम्प्युटर आठवणीत ठेवतो आणि बाणाचं बटण दाबलं की पुन्हा समोर आणतो. म्हणून नवी किल्ली त्यांनी कॉम्प्युटरमधल्याच, पासवर्डने बंद केलेल्या तिजोरीत ठेवली. लागेल तेव्हा प्रोग्राम तिथून ती स्वतः उचलतो, काम झालं की टाकून देतो, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. सरावासाठी वेगळी किल्ली घेतली. त्या किल्लीने फक्त समितीच्याच फोनवर मेसेज जातात. वस्तीभर निरोप जायचा असेल तर दोघांनी आपापली मान्यता द्यायची, हेही ठरलं.

“एवढं सगळं करेपर्यंत पाणी गुडघ्याला लागेल,” आनिबाल कुरकुरला.

“म्हणून तर कोरड्यात सराव करायचा,” सुनिल्दा म्हणाली. हाताला सवय होईपर्यंत दर सोमवारी तिने त्याच्याकडून ते करून घेतलं.

जूनमध्ये नदी खरोखरच चढली. दोघांनी मान्यता दिली आणि निरोप सुटला. लगेच दोन्या सातुर्निनाचा फोन आला. हा निरोप तूच पाठवलास का, एवढंच तिने विचारलं. सुनिल्दाने हो म्हटल्यावर ती निघाली आणि शेजारच्या गल्लीलाही तिने उठवलं. पण सगळेच विचारायला फोन करत नाहीत. सुनिल्दा दारोदार फिरली, हात जोडले, तरी काठावरच्या काही घरांनी कड्या काढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना होडीने काढावं लागलं. माणसं वाचली, संसार पाण्यात गेला. होडीत चढताना त्यांच्यातला एक म्हातारा तिच्याकडे न पाहता म्हणाला, “फेब्रुवारीत मी धावलो होतो.”

होडी डोलत होती, म्हणून सुनिल्दाने त्याचा दंड धरला आणि तो नीट बसेपर्यंत सोडला नाही.