कुलूप लावलेलं होतं

माझ्या काकांनी सव्वीस वर्षं सैन्यात सुतारकाम केलं. साहेबांच्या खुर्च्यांपासून मेलेल्यांच्या पेट्यांपर्यंत सगळं त्यांच्या हातून गेलं. पेट्यांबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते भांडणांबद्दल. त्यांची पलटण लाल टोपीची, शेजारच्या छावणीतली हिरव्या टोपीची. हे त्यांना ‘बेडूक’ म्हणायचे, ते यांना ‘टोमॅटो’. हॉकीत हरलेल्यांनी जिंकलेल्यांची एखादी वस्तू पळवायची आणि दोन दिवसांनी वाजतगाजत परत करायची, हा दोन्हीकडचा रिवाज.

निवृत्तीनंतर काकांचा जिवलग दोस्त झाला तो नेमका एक बेडूक. हिरव्या पलटणीचा ढोलवाला. आमच्या गल्लीत त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान. रोज सकाळी दुकानापुढच्या बाकावर दोघांचा चहा आणि रोज तीच कहाणी.

“खोलीला कुलूप मी लावलं होतं. किल्ली माझ्या गळ्यात. सकाळी कुलूप जागच्या जागी, आणि आत ढोल नाही! साहेब म्हणाले, तू ढोल आत ठेवलाच नाहीस, पिऊन कुठंतरी विसरलास. अख्ख्या पलटणीसमोर दंडावरची फीत उसवली माझ्या. अरे, मी कुलूप लावलं होतं!”

काका चहात बघत बसायचे. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळले असतील.

गेल्या महिन्यात जुन्या बराकीत संग्रहालय उघडलं. दोघांना घेऊन मीच गेले. दुसऱ्या दालनात काचेच्या कपाटात एक लाल ढोल होता. खाली पितळी पाटी : ‘शत्रूच्या ठाण्यावर चढाई करून लाल पलटणीने जिंकलेला ढोल.’

ढोलवाल्यानं काचेला नाक लावलं. कडेचा लाल रंग नखाएवढा उडाला होता. खाली हिरवा.

“हा माझा आहे,” तो म्हणाला.

संग्रहालयाच्या बाई हसल्या. लहान मुलाशी हसतात तसं. “आजोबा, हा शत्रूचा आहे. नोंद आहे आमच्याकडे.”

“तिसऱ्या कडीला पोचा आहे बघा. माझ्या हातून पडला होता.”

“वयामुळे होतं असं कधी कधी. तुम्ही बसा, पाणी मागवते.”

तो खरंच बसला. पंच्याहत्तरीचा माणूस, मांडीवर हात ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखा. आणि काका फुटले.

“वय कुणाचं काढता? कसली चढाई अन् कसलं ठाणं! बॅन्डची खोली होती ती, आमच्या न्हाणीघरामागची! शत्रू म्हणे! हा माणूस शत्रू? याच्या पलटणीनं आमचे जखमी पाठीवर वाहून आणलेत!”

“तुम्हाला कसं माहीत?”

“कारण ढोल मी चोरलाय.”

दालनात चिटपाखरू नव्हतं, तरी मी दाराकडे पाहिलं. ढोलवाला हळूच म्हणाला, “कुलूप लावलेलं होतं.”

“होतं की! बाई, तुमच्या ऑफिसला कुलूप घाला.”

“कशाला?”

“घाला म्हणतो ना!”

बाईंनी घातलं. काकांनी खिशातला चाकू काढला, बाहेरच्या बाजूला असलेल्या बिजागऱ्यांच्या खिळी खालून ठोकून वर उपसल्या आणि दार बिजागरीकडून ओढलं. कुलूप कडीत लटकत राहिलं, दार उघडलं. मग खिळी परत बसवल्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ढोलवाला कुलपाकडे बघत होता. “चाळीस वर्षं मी कुलपंच खोलून बघतोय. बिजागरीकडे पाहिलंच नाही.”

“दोन दिवसांनी परत करणार होतो रे. पण त्याच पहाटे आमची पलटण हलली. ढोल ट्रकात गेला. तुझी फीत गेल्याचं वर्षानं कळलं. साहेबांना सांगायला गेलो, तर म्हणाले, तोंड बंद ठेव, पलटणीची इज्जत आहे.”

“पलटणीची इज्जत! आणि माझी? रोज माझ्या पैशाचा चहा पीत होतास, टोमॅटो! रोज!”

काकांनी चाकू मिटून खिशात टाकला.

“कागद द्या, बाई,” ढोलवाला उठला. “मी सांगतो, हा लिहील. पहिली ओळ : कुलूप लावलेलं होतं. लिही! अक्षर नीट काढ. खाली हुद्दा, नंबर आणि सही.”

काकांनी लिहिलं. नंबर न अडखळता आला.

बाईंनी कागद फाइलला लावला. म्हणाल्या, पाटी बदलायला वरून मंजुरी लागते. खोटं लिहिताना कुणाची मंजुरी घेतली होती, हे मी विचारलं. त्याचंही उत्तर वरूनच येणार आहे म्हणे.

तेव्हापासून बाक रिकामा आहे. रोज सकाळी दहाला दोघं संग्रहालयात हजर असतात, बाईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्यांवर, मधे एक खुर्ची सोडून.

“बाई, या चोराला विचारा, पाटीचं काय झालं?”

“बाई, त्या बेडकाला सांगा, मी कालच विचारलंय. आणि उद्याही विचारणार आहे.”