बिनचेहऱ्याची बाई

"ऊन म्हणजे विष गं," असं म्हणत ती ओढणी अशी गुंडाळायची की नुसते डोळे उरत. त्यावर काळा गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. भर दुपारी कळव्याच्या रिकाम्या रस्त्यावरून अशी बिनचेहऱ्याची बाई स्कूटीवर येताना तुम्हीही पाहिली असेल. ओळखीची असूनही मला दचकायला व्हायचं.

आम्ही दोघी ठाण्यातल्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घ्यायचो. ज्याचा त्याचा व्हिटॅमिन डी कमी, आणि तिचा सगळ्यांत कमी. मी चिडवायचे, "अगं, लोकांना ऊन घ्या म्हणून सांगतेस, तू कधी घेणार?"

"आणि मेलॅनोमा झाला म्हणजे?"

मोबाइलवर कुणा गोऱ्या बाईच्या पाठीवरचा काळा डाग पाहिल्यापासून तिनं या कातडीच्या कॅन्सरची धास्तीच घेतली होती. दर रविवारी आरशासमोर उभी राहून चेहरा, मान, हात तपासायची. अंगावरचा तीळ न् तीळ तिला पाठ होता.

एकदा एका घरी आम्ही दोघी गेलो. चपला दारात काढल्या. ती खाली बसली तशा तिथल्या आजी म्हणाल्या, "अगं, तळपायाला डांबर लागलंय तुझ्या."

तिनं खोबरेल तेल लावून घासलं. डाग निघेना. महिन्याभरात तो पसरला. मी म्हटलं, कुणाला तरी दाखव. ती हसली. "तिथं कुठं ऊन पोचतंय?"

मलाही ते पटलं. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

डॉक्टरांकडे गेली तेव्हा फार उशीर झाला होता. मेलॅनोमाच होता. ते म्हणाले, आपल्या लोकांना तो बहुतेकदा तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, त्याचा उन्हाशी संबंध नसतो.

मग ती डोंबिवलीच्या घरी रोज सकाळी गॅलरीत बसू लागली. उन्हात तिचा उघडा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि क्षणभर ओळखलाच नाही.

"छान वाटतं गं," ती म्हणाली. "उगाच घाबरले एवढी वर्षं."

चार महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांसाठी तिचं रक्त मीच घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

रिपोर्ट लॅबमधून आपोआप तिच्या मोबाइलवर गेले. संध्याकाळी माझा फोन वाजला. स्क्रीनवर तिचं नाव. मी उचलला.

तिचा नवरा बोलत होता.

"अहो ताई, व्हिटॅमिन डी नॉर्मल आलंय तिचं. पहिल्यांदाच. कुणाला सांगू मी?"