आमच्या ह्यांचा माइक आणि माझी बकरी

पॉडकास्टमध्ये तोंड दिसत नाही. तरी आमच्या ह्यांनी त्या दिवशी घोटून दाढी केली, वरून सेंट मारला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शिरपूरला ह्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षं घरातल्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगून, ते पॉडकास्ट करत होते, फक्त बकऱ्यांवर. पिल्लू दूध ओढत नसेल तर काय करावं, पावसाळ्यात खूर काहून सडतात, असलं सगळं. माहिती निम्मी माझी, आवाज त्यांचा. त्याचं मला काही नव्हतं. बकरी मात्र माझी होती, इंझोरीहून, माहेरातून पिल्लू असताना आणलेली. आमच्याकडे बैल घरधन्याचा आणि बकरी बाईची. बाईला विचारल्याशिवाय ती कोणी विकत नाही.

प्रत्येक भागाची सुरुवात तिच्या ओरडण्यानं व्हायची. हे खिशातून भाकरीचा तुकडा काढून माइकपाशी धरायचे, की तिनं 'बें' केलंच म्हणून समजा. पुढे पुढे तर नुसता माइक दिसला तरी पुरे. लोक फोन करून आधी तिची खुशाली विचारायचे, मग ह्यांची.

तर त्या सेंट मारल्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, बकऱ्यांचं आता बस झालं. आता उद्योजक, लेखक, अधिकारी, साऱ्या महाराष्ट्रानं ऐकावं असं काहीतरी करायचं. मी म्हटलं, करा, चांगलंच आहे. पण बकरीचं काय?

"तिचं पाहू."

पाहू म्हणजे काय बाप्पा? नवरा 'पाहू' म्हणाला की समजावं, त्यानं आधीच पाहून ठेवलंय.

तेव्हापासून मी पाळत ठेवली. मालेगावचा बकऱ्यांचा व्यापारी दुकानापुढे मोटरसायकल लावून बसलेला दिसला. काही दिवसांनी पुन्हा दिसला. एकदा तर आमच्या अंगणात येऊन त्यानं बकरीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हे बाजूला उभे राहून पाहत होते. माझं डोकंच फिरलं. बाहेर जाताना मी गोठ्याला कुलूप लावू लागले, किल्ली पदराला. सासूबाईंनी विचारलं, चोराची भीती वाटते का? मी म्हटलं, चोर घरातलाच असला तर?

शेवटी ह्यांना विचारलंच. तर म्हणतात कसे, विकत नाही गं, फक्त रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला व्यापाऱ्याकडे बांधू. ओरडते ना मध्येच. मला काही ते पटलं नाही. जो बकऱ्या खाटकाला देतो, त्याच्या दारात बकरी पाहुणी म्हणून कोण पाठवतं? मी सांगितलं, ती इथंच राहील, तिला गप ठेवणं माझ्याकडे लागलं.

पहिला पाहुणा पुण्याचा मोठा उद्योजक, लॅपटॉपवर. मी खोलीच्या दाराबाहेर बकरीला धरून बाभळीच्या शेंगा चारत बसले. आत हे पुस्तकातलं वाचल्यासारखं बोलत होते. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेंगा संपल्या आणि ती ओरडली. साहेबांनी हसून विचारलं, बकरी आहे वाटतं घरी?

"नाही सर, शेजाऱ्यांची आहे."

इतके दिवस मी तिला विकतील म्हणून भीत होते. अहो, विकायला तरी ती आपली आहे म्हणावं लागलं असतं. मला रडूच आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

शेजाऱ्याची बकरी आपण कायले धरून बसायची? मी दावं सोडलं आणि दार ढकललं. ती सरळ माइकपाशी गेली, पुढचे पाय ह्यांच्या मांडीवर ठेवले आणि 'बें' केलं. मी दारातूनच म्हटलं, "बकरी माही हाय, साहेब. हे बी माहेच हायेत."

साहेब खदखदून हसले. हे हसले नाहीत. त्यांचा हात सवयीनं खिशात गेला. नव्या पँटच्या खिशात भाकरी नव्हती.