काळीचा वाटा

हाल्या जेवायला बसतो तो दाराकडे पाठ करून. गंजाडजवळच्या त्यांच्या पाड्यावर घरं लहान, उजेड काय तो दारातूनच येतो, त्यामुळे ताटात काय वाढलंय ते दिसावं म्हणून शहाणी माणसं दाराकडे तोंड करून बसतात. हाल्याही जन्मभर तसाच बसत आला. गेली सुगी सरल्यावर मात्र त्याने बसायची जागा फिरवली. धाकली, त्याची बायको, त्यावर काही बोलत नाही. तिला ठाऊक आहे की दाराकडे नजर गेली की त्याला उंबऱ्याबाहेर काळी बसलेली दिसते. पुढचे पाय जुळवलेले, कान ताठ, आणि नजर त्याच्या तोंडावर. काळी जाऊन आता वर्ष होत आलंय.

काळी म्हणजे त्याची कुत्री. नावाला काळी, छातीवर मात्र चुन्याचं बोट पुसल्यासारखा पांढरा पट्टा. आणि हाल्या म्हणजे आसपासच्या पाड्यांतला उंदीर काढणारा. भात कापून झालं की शेतकरी म्हणायचे, हाल्याला बोलवा. तो येऊन बांधावरची बिळं नुसती बघत फिरायचा, मग एक तोंड सोडून बाकी सगळी चिखलाने बुजवायचा, आत पेंढ्याचा धूर सोडायचा, आणि त्या उरलेल्या तोंडाशी काळी उभी राहायची. तिच्या हातून उंदीर सुटला असं फारसं कुणी पाहिलं नाही.

मग बांधावरच जाळ व्हायचा. हे काम हाल्याने बापाकडून घेतलं होतं आणि कामाबरोबर त्याची रीतही. उंदीर आधी चिरायचा आणि पोट उघडून बघायचं. आत सगळं नीट दिसलं तर भाजायचा, नाहीतर खोल पुरायचा. भाजलेल्याचा पहिला घास माणसाने घ्यायचा आणि त्यानंतर कुत्र्याचा वाटा. बाप सांगायचा, "आपल्या तोंडात जाय, तांच कुत्र्याच्या तोंडात." वाटा समोर ठेवला तरी कुत्र्याने तोंड लावायचं नाही. धनी 'घे' म्हणेल तेव्हाच. काळी तर इतकी पक्की की पुढ्यात मटण ठेवून हाल्या शेजारी गप्पा मारायला गेला तरी ती लाळ गाळत बसून राही. लोक मुद्दाम तिची गंमत बघायला जमायचे. हाल्याला त्याचा केवढा अभिमान!

पण हाल्या दारू प्यायचा, आणि ती अशी की शेवटी दारूच त्याला प्यायला लागली. एकदा तो धाकलीच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यातलं त्याला काही आठवेना, धाकलीला मात्र सगळं आठवत होतं. ती माहेरी जायला निघाली, तेव्हा पाड्यावरच्या भजनी मंडळाचा भिका मध्ये पडला. त्याने हाल्याला समोर बसवून गळ्यात तुळशीची माळ घातली. दारू बंद, मांसमच्छी बंद. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, असं लोक म्हणाले. पण हाल्याने माळ पाळली. घरात पुन्हा चूल वेळेवर पेटायला लागली. धाकली त्याच्याशी बोलताना हसायला लागली, तेव्हा ती माळ त्याला जिवापलीकडे झाली यात नवल काय?

आता माळकरी माणसाने उंदीर कसा चिरायचा? काम सोडवेना, कारण हातात दुसरी विद्या नाही. मग त्याने स्वतःपुरता एक तोडगा काढला. उंदीर काढायचे आणि न चिरता, न भाजता तसेच्या तसे काळीपुढे टाकायचे. हे चारचौघांत नको म्हणून बांधाच्या पल्याड. काळीने थोडीच माळ घातलीय, असं तो मनाला समजवायचा. आपण वाटा मोडला नाही, याचं त्याला समाधानच होतं. बापाच्या रीतीतला अर्धा भाग गळला आणि अर्धा राहिला, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. गळला तोच अर्धा कुत्र्याला राखणारा होता.

गेल्या सुगीत उंदीर उदंड निघाले. बांधापलीकडे एका शेठची चिकूची वाडी होती आणि झाडांच्या बुंध्यांशी निळ्या वड्या टाकलेल्या हाल्याने पाहिल्या होत्या. उंदरांचं औषध, तेही त्याला कळलं होतं. पण ते वाडीतल्या उंदरांना, आपले भातातले. बांध माणसाने घातलेला असतो, उंदराला त्याचं काय! उंदीर भरदिवसा बाहेर येऊन सुस्त बसत होते, काळीला पळावंही लागत नव्हतं. हाल्या मनात म्हणाला, माळेचा प्रताप.

त्यातला एक उंदीर त्याने तिच्यापुढे टाकला. तिने हुंगला आणि मागे सरली. पुन्हा हुंगला आणि मान वर करून हाल्याकडे बघितलं. असं तिने कधी केलं नव्हतं. चिरून बघावं असं हाल्याच्या मनात येऊन गेलं, हात कोयत्याकडे गेलाही. मग गळ्यातली माळ आठवली.

"घे," तो म्हणाला.

आणि तिने घेतला. त्यानंतरचे सगळे उंदीरही तिने न कुरकुरता घेतले.

सुगी सरता सरता काळी बसल्या जागेवरून उठेना. नाकातून रक्त यायला लागलं. धाकलीने तिचा ओठ उचलून पाहिला तर हिरड्या भाताच्या पेजेसारख्या पांढऱ्या. "हिला डहाणूला ने," ती म्हणाली, "नायतर जाईल ही." मोटरसायकल होती ती भिकाकडे. त्याने एका शब्दावर किक मारली. काळीला गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेत हाल्या मागे बसला.

जनावरांच्या दवाखान्यात तपासायला नीलम नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने काळीच्या हिरड्या पाहिल्या, कान उलटून गोचिडी पाहिल्या आणि विचारलं, "काका, हिने रानातलं काही खाल्लं का? उंदीर, घूस, एखादं मेलेलं जनावर?"

हाल्याने भिकाकडे बघितलं. भिका हात बांधून शेजारीच उभा होता.

"गोचिडीच्या तापातही असंच होतं," डॉक्टरीण सांगत होती, "पण औषध खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर ते विष त्याच्याही अंगात उतरतं. रक्त गोठत नाही, आतल्या आत वाहत राहतं. त्याचं इंजेक्शन वेगळं असतं, आणि ते वेळेवर द्यावं लागतं. म्हणून विचारते."

सगळं कळलं हाल्याला. अगदी लख्ख कळलं. वाडीतल्या निळ्या वड्या डोळ्यांपुढे आल्या. पण उंदीर म्हटलं की भिका विचारणार, कुणी दिले? माळकऱ्याच्या हातून? मग माळ जाणार, आणि माळ गेली की मागून काय काय येतं ते धाकलीने एकदा भोगलं होतं.

"नाय बाई," तो म्हणाला. "घरातलाच खातं ती. भात, भाकर."

"नक्की?"

"नक्की."

काळी टेबलावर पडल्या पडल्या त्याच्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टरिणीने गोचिडीच्या तापाचं इंजेक्शन दिलं आणि उद्या पुन्हा आणा म्हणाली.

परतीच्या वाटेवर हाल्याच्या जिभेवर ते वाक्य दहादा आलं आणि दहादा मागे गेलं. भिकादादा, गाडी वळव. एवढंच तर म्हणायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत कुत्रीचा जीव होता. घरी पोचल्यावर भिका चहाला थांबला, मग भजनाचं विचारत बसला. तो उठून गेला तोवर दिवस मावळला होता आणि डहाणूकडे जाणारी रिक्षा मिळेना.

सकाळी पहिल्या रिक्षाने तो गेला. दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसून राहिला. डॉक्टरीण दिसताच उठून हात जोडले आणि एका दमात बोलून टाकलं, "खोटा बोललो बाई. उंदीर खाल्लेत तिने. मीच दिले." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पिशवीत इंजेक्शन टाकलं आणि स्कूटर काढली. "बसा मागे," म्हणाली. "याला काम करायला वेळ लागतो, काका. बघू."

अंगणात पाच-सहा माणसं जमली होती. काळी उंबऱ्याशी पडलेली आणि तिच्यापुढे वाटीभर दूध. "सकाळपासून ठेवलाय," धाकली रडत म्हणाली. "सगळ्यांनी सांगून बघितला. मी पण म्हटला घे, घे. नाय घेत. तुझी वाट बघतं ती."

डॉक्टरिणीने इंजेक्शन दिलं. काळीने मान उचलायचा प्रयत्न केला आणि हाल्याच्या तोंडाकडे बघितलं. अंगात रक्ताचा थेंब राहिला नव्हता, तरी नजर तीच, शब्दाची वाट बघणारी. हाल्याला तो शब्द फुटेना. याच शब्दाने तिला मारलं होतं. सगळे म्हणाले, बोल ना रे. शेवटी तो म्हणाला, "घे."

तिने जीभ बाहेर काढली, दुधाला एकदा लावली, आणि तशीच मान वाटीच्या कडेवर ठेवली. दूध हलायचं थांबलं तेव्हा डॉक्टरिणीने हाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी हाल्याने माळ गळ्यातून काढली आणि भिकाच्या हातात ठेवली. घडलं ते सगळं सांगितलं, खाली मान घालून, निकालाची वाट बघत.

"वेडा काय रे तू?" भिका म्हणाला. "माझ्या घरचा कुत्रा काय तुळशीची पाना खातं? मी पण घालतो त्याला उंदीर. माळ माणसाला असतं, कुत्र्याला कशाला? मना तिथंच सांगायचा होतास. गाडी होती ना खाली."

त्याने माळ पुन्हा हाल्याच्या गळ्यात घातली. हाल्याला ती नको होती असं नाही, पण त्या दिवसापासून ती गळ्याला टोचते. कुणी काढून घेतली असती तर निदान आपली भीती खरी होती, काळी माळेपायी गेली, एवढं तरी त्याला म्हणता आलं असतं.

औषधाचं त्याने पाड्यापाड्यावर जाऊन सांगितलं. उंदीर काढायचं काम सोडलं. भजनाला जातो, टाळ वाजवतो. प्रसाद वाटायची पाळी आली की समोरच्याच्या हातावर मुकाट्याने ठेवतो. नातवाला खाऊ देतानाही त्याच्या तोंडून 'घे' निघत नाही. पोर हट्टाने म्हणतं, "घे म्हण ना, आजोबा." हाल्या खाऊ त्याच्या मुठीत कोंबतो आणि उठून जातो.

आणि जेवताना दाराकडे पाठ करतो. पण त्याने काय होतंय? पाठीवर ती नजर जाणवतेच. पहिला घास हातात घेऊन तो थांबतो, उंदराचं पोट उघडून बघावं तसा भात बोटांनी चिवडतो. धाकली म्हणते, "जेव रे." तो घास तोंडात घालतो, नीट चावून गिळतो, आणि मग दुसरा घास उचलून, मागे न बघता, उंबऱ्याच्या दिशेने जमिनीवर ठेवतो. शब्द बोलत नाही. सकाळी तो घास जसाच्या तसा असतो. एकाही मुंगीने त्याला तोंड लावलेलं नसतं, असं हाल्या म्हणतो, आणि धाकली तो उचलून टाकते.