माझी निराळी एकादशी

न भिजवलेले पावटे शिजत नाहीत, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी वेल्ह्यात कळलं. दीड तास चूल फुंकून डोळे लाल झाले होते आणि पातेल्यातून खुळखुळ्यासारखा आवाज येत होता.

"खडं शिजवताय व्हय, भाऊसाब?" दाराबाहेरून कुणीतरी विचारलं.

ती शेजारची मावशी. तिला नाव होतं, पण ते मी कधी विचारलं नाही. संस्थानच्या कचेरीतला मी कारकून, भोरहून नुकता बदलून आलेला. बायको आणि पोरं भोरलाच. निघताना बायकोने सांगितलेला सगळा स्वयंपाक मी कागदावर उतरवून घेतला होता, आणि त्याच कागदाने त्या दिवशी चूल पेटवली होती.

तिथून पुढे मला शिकवलं ते मावशीने. पण तुम्ही तो काळ पाहिला असेल, तर आमची शाळा कशी भरत असेल ते तुमच्या लक्षात येईल. ती उंबऱ्याच्या बाहेर बसायची, मी आत चुलीपाशी. बामणाच्या चुलीला ती हात लावायची नाही आणि कुणब्याच्या घरचं शिजवलेलं मी खायचो नाही. हे दोघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं. दोघंही ते पाळायचो.

संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "भिजत घातलं का?" तिसऱ्या दिवशी मोड आले की ती दारात येऊन बसे. परसातली वांगी, भोपळ्याची फोड, शेवग्याच्या शेंगा उंबऱ्यावर ठेवी. मग हुकूम सुटत. "आदी त्याल. आता लसूण. आरं, जळाला की." माझी पाठ तिच्याकडे असायची, तरी लसूण जळलेला तिला माझ्याआधी कळे. पावटे आणि भाज्या एकदमच टाकायच्या, बेताचं पाणी, वर तिखट आणि खुरासणीचं कूट. कचेरीचा पट्टेवाला बाहेर बसून चार विड्या ओढी, तोवर कालवण तयार. एकदा मी वरून तूप सोडायला गेलो, तर म्हणाली, "तुपानं चव मुकी हुती."

रटरट सुरू झाली की ती बोलायची थांबे आणि नुसती ऐकत बसे.

तिच्या घरात कालवण शिजत नसे. साथीत एका आठवड्यात नवरा आणि दोन्ही पोरं गेली होती. शेत भावकीच कसायची. ती भाकरी थापायची आणि ठेच्याबरोबर खायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एकटीसाठी कालवान कुनी करतं का?" मी मात्र एकट्यासाठीच करत होतो. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती थोडी हसली.

शिजलं की मी तिला वाटीभर देई. माझ्या हातचं तिला चालत होतं. वाटी पुसून घेत एकदा म्हणाली, "गंमत हाय. माझं कालवान म्या तुमच्या हातनं खायाचं."

मी हसलो. मला ती गंमतच वाटली होती.

दीड वर्षाने भोरला बदलीचा हुकूम आला. त्या दिवशी मी वाटी पुढे केली, तर तिने हात मागे घेतला. "आज एकादस हाय माझी. पर भाऊसाब, परवा माझ्याकडं जेवाया या. म्या करीन. माझ्या चुलीवरचं कुनी खाल्ल्याला लई वर्सं झाली."

मी हो म्हणालो. बोलून गेलो, असं म्हणा. दोन दिवस मी माझ्याशीच वाद घातला. कचेरीत कळलं तर? भोरला बायकोच्या सोवळ्यात हे कसं बसणार?

ठरल्या दिवशी ती सांगायला आली. लुगडं धुतलेलं, कपाळाला घाम. "भाकरी टाकाया घेतीया. ऊन ऊन खायाला या."

"जमायचं नाही, मावशी," मी म्हणालो. "आज माझी एकादशी आहे."

बोललो मात्र, आणि जीभ चावली. परवाच तिने एकादशी म्हणून वाटी नाकारली होती, आणि मी तिच्यासमोर पोटभर भात जेवलो होतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही.

"आसंल," ती म्हणाली. "तुमा लोकांची निराळी आसंल."

आणि गेली. थोड्या वेळाने परत आली ती पदरात रताळी घेऊन. उंबऱ्यावर मांडली आणि म्हणाली, "उपाशी नका ऱ्हाऊ. कच्ची हायती, तुमाला चालत्याल."

मी रताळी उकडून खाल्ली. भिंतीपलीकडून पावट्यांचा वास येत होता. भांड्यांचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी निघाली तेव्हा तिच्या दाराला कडी होती.

पुन्हा वेल्ह्याला जायला मला बारा वर्षं लागली. तेही कामानिमित्त. तिच्या घरात आता पुतण्याची गुरं होती. "म्हातारी गेल्या माघात गेली," तो म्हणाला. "चूल तर कवाच मोडली. शेवटाला आमच्यातच खायाची."

भोरला आल्यावर मी बायकोला उठवून चुलीपासून दूर बसवलं आणि पावट्यांचं कालवण स्वतः केलं. जेवताना तिला सगळं सांगितलं. एकादशीसकट. ती घास हातात धरून ऐकत होती.

"मला विचारलं असतंत, तर जा म्हटलं असतं मी," ती म्हणाली.

तिने ताट बाजूला सारलं, खरकटं गोळा केलं आणि उठता उठता म्हणाली, "आत्ता म्हणतेय हो. तेव्हा म्हटलं असतं की नाही, कोण जाणे."