घर बदलणाऱ्यांचे भयपट

भीती ही माणसाची सर्वांत जुनी भावना आहे, असं मी बरीच वर्षं मानत होतो आणि संधी मिळेल तिथे सांगतही होतो. गेल्या उन्हाळ्यात आईला सांगितलं. तिच्या मते भूक आधीची. तिने शेंगदाणे भाजून आणले आणि सिनेमा सुरू करायला सांगितलं.

मुलुंडची आमची इमारत पुनर्विकासाला गेली होती. मेअखेरपर्यंत घरं रिकामी करायची होती. आईने संमतीपत्रावर सगळ्यांच्या आधी सही केली आणि त्यानंतर एकाही कपाटाला हात लावू दिला नाही. कारण तिने एकदाच सांगितलं, गवार मोडताना. वडील तीन वर्षांपूर्वी याच घरात, दुपारचा चहा पिऊन झाल्यावर गेले. दर पितृपक्षात ती त्यांचं पान गॅलरीच्या ग्रिलवर ठेवते. "ह्यांका हीच गॅलरी म्हायत आसा," ती म्हणाली. "आमी गेल्यार ते खंय येतले?"

मी भुतं मानत नाही. पाहतो मात्र भरपूर. घरून काम करणाऱ्या माणसाला दुपारी दोन ते चार या वेळेत काहीतरी व्यसन लागतंच, मला भयपटांचं लागलं. आईची मालिका नुकतीच संपली होती, म्हणून तीही शेजारी येऊन बसू लागली. एप्रिल-मे मिळून वीसेक सिनेमे झाले असतील. सामान बांधायचा विषय मी मध्यंतरात काढायचो आणि ती मध्यंतर संपवायची.

भयपटांचा खरा विषय घरबदल आहे, हे एवढी वर्षं पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं, घर मोठं असतं, स्वस्त असतं, आणि तिथे आधीचं कोणीतरी राहून गेलेलं नसतं, राहिलेलं असतं. आपण कुटुंबाच्या बाजूने घाबरतो. आई पहिल्या दिवसापासून दुसऱ्या बाजूला होती.

"ह्याची माणसा खंय गेली?" ती भुताबद्दल विचारायची. "जाताना ह्याका कोणी सांगूक नाय?"

मग पडद्यावर कोणी किंचाळलं की ती हळहळायची. किंचाळणाऱ्यासाठी नाही.

सर्वांत निराशा केली ती एका भव्य चित्रपटाने. तीन पाद्री, चार यंत्रं, लॅटिन मंत्र, वाऱ्याने फडफडणारी पोथी, आणि शेवटची पंचवीस मिनिटं नुसता आरडाओरडा. मला तो आवडायला हवा होता, कारण तो आवडणाऱ्यांचे लेख मी वाचले होते. आई म्हणाली, "येवढी माणसा जमली, पण तेका काय होया ता कोणी इचारूक नाय." यावर कुठल्याच लेखात उत्तर नव्हतं.

हिंदीतल्या एका तांत्रिकाने तिला हसवलं. त्याच्या गळ्यात इतक्या माळा होत्या की मान वळवायला त्याला अख्खं वळावं लागे. एका कोरियन सिनेमात तिला फक्त जेवण आवडलं.

माझी आवडती फिल्म अगदी साधी होती. भूत दिसतच नाही, फक्त जिन्यातला आपोआप लागणारा दिवा कोणी नसताना मजल्यामागून मजला लागत वर येतो. मी पाय वर घेऊन बसलो. आई म्हणाली, वायरिंग बघून घ्यायला हवं.

मेच्या मध्यावर मी तिला एक फार नावाजलेला सिनेमा दाखवला. त्यातला राक्षस म्हणजे खरं तर नायिकेचं दुःख असतं, नवरा गेल्याचं. मला वाटलं होतं, हे तिच्यापर्यंत पोचेल. मी समजावूनही सांगितलं.

"म्हणजे भूत नाय?"

"नाही. ते दुःखाचं प्रतीक आहे."

"ता माका म्हायत आसा," ती म्हणाली. "मग ह्या माका कित्याक दाखवतंस?"

मी टीव्ही बंद केला. त्या दिवशी चहा तिने केला नाही, मी केला. साखर विसरलो, तिने तो तसाच प्यायला.

तिला आवडलेला सिनेमा एकच. तसा सुमारच होता. म्हातारी मरते, घरातच राहते, भांडी हलवते, आणि शेवटी घरचे सामान गाडीत भरून निघतात. सगळे बसल्यावर मुलगी गाडीचं मागचं दार उघडं धरून थोडा वेळ थांबते. मग लावते. एवढंच. आईने तो प्रसंग मला तीन वेळा मागे न्यायला लावला.

"सांगल्यान तिने," ती म्हणाली, आणि उठून कपाट उघडलं.

कोकणात कुठलंही मोठं काम निघालं की देवाला, राखणदाराला, घरच्या गेलेल्यांना उभं राहून मोठ्याने सांगतात, असं असं करतोय, सांभाळून घ्या. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते घालायचा मान खरं तर पुरुषाचा, पण माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि ते योग्यच होतं. घर सोडायच्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये नारळ ठेवून तिनेच ते घातलं. इमारत पाडतायत, आम्ही भाड्याने जातोय, तुम्ही पण या, आणि मग रस्ता, इमारत, मजला, खोली नंबर, सगळं. 'व्हय म्हाराजा' म्हणायला मी एकटा होतो. दुसऱ्यांदा म्हटल्यावर फ्रिज उचलणारे दोघेही म्हणाले. फ्रिज खाली ठेवून म्हणाले.

संध्याकाळी नव्या घरात पहिला भात झाला, बांगडा तळला, आणि ती जेवता जेवता थांबली.

"पत्तो चुकलो."

तिने सांगितला होता तो पत्ता आम्ही आधी पाहिलेल्या घराचा होता. त्याची गॅलरी तिला आवडली होती, म्हणून पत्ता तोंडपाठ केला होता. करार व्हायच्या दिवशी दलालाने सांगितलं की त्या इमारतीत मासे चालत नाहीत, आणि ते घर राहिलं.

"आता ते थंय जातले," आई ताटाकडे बघत म्हणाली. "थंय तेंका कोण मासो देतला?"

मी भुतं मानत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने जुन्या इमारतीकडे परत गेलो. इमारतीभोवती पत्रे लागले होते आणि वॉचमन आत सोडेना.

"मावशी, आत काय ऱ्हायलंय का?"

"व्हय," आई म्हणाली.

"काय ऱ्हायलंय?"

यावर तिने मला कोपऱ्यावरून नारळ आणायला पाठवलं. गाऱ्हाणं पत्र्याबाहेर उभं राहून झालं, या वेळी बरोबर पत्त्यानिशी, दोनदा. वॉचमन साताऱ्याकडचा होता, त्याने टोपी काढली होती. खोबऱ्याचा तुकडा घेताना तो म्हणाला की सोडून गेलेल्यांचे नवे पत्ते तो रजिस्टरात लिहून ठेवतो, कुरियर, टपाल आलं तर पाठवायला. हाही लिहू का?

"लिव," आई म्हणाली.

"नाव?"

आईने आयुष्यात वडिलांचं नाव घेतलेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, त्याने लिहिलं, तिने चष्मा लावून पत्ता तपासला. परतताना रिक्षात ती झोपली.

पंधरा दिवसांनी वडिलांच्या नावाचं पाकीट नव्या पत्त्यावर आलं. ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत नेत्रतपासणी शिबिर होतं. येताना जुना चष्मा आणावा, असं त्यात लिहिलं होतं.